सिनेमाच्या भिंतीवरची बाई

सान मार्सियाल,
२ मार्च २०१४

प्रिय रेमेताई,

तुझं पत्र पोचलं. मठातल्या सगळ्या बहिणींना माझा नमस्कार सांग. मोठ्या माईंना वेगळा सांगायची गरज नाही, कारण तुला आलेली पत्रं आधी त्या वाचतात हे मला ठाऊक आहे. माई, नमस्कार. गुडघे कसे आहेत?

इकडे सगळं ठीक. आपली चिपी-चिपी भुरभुर चालूच आहे, त्यामुळे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत आणि दुकानातल्या लेसच्या गुंडाळ्यांना वास यायला लागलाय. शाळेचे गणवेश आखूड-लांब करून द्यायचं काम भरपूर आहे. आईची तब्येत चांगली आहे, जीभ त्याहून चांगली. ती दिवसभर दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसते. मोतीबिंदू मात्र दोन्ही डोळ्यांत पिकलाय. माणसं ती आवाजावरून ओळखते. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की म्हणते, "देवाने पडदा पाडलाय म्हणजे खेळ संपला. उगाच खुर्ची अडवून बसू नये." आणि खुर्ची अडवून बसते.

खरी बातमी वेगळीच आहे. दुकानासमोरची सिने रेहिनाची भिंत आठवते ना? सिनेमा बंद पडल्यापासून त्या भिंतीचे दोनच उपयोग उरले होते: निवडणुकीची पोस्टरं, आणि बारमधून घरी जाणाऱ्यांची सोय. आता नगरपालिकेने ठरवलंय की गावाच्या मध्यभागी जागोजागी चित्रं काढायची, म्हणजे पर्यटक येतील. बाजाराच्या भिंतीवर फळं आली, बँकेच्या मागे ज्वालामुखी आला, आणि आपल्या वाट्याला आली अब्रिल.

अब्रिल म्हणजे हालापाहून आलेली चित्रकार मुलगी. तिशीची असेल. अंगावर रंगाने कडक झालेली विजार, कंबरेला दोर बांधलेला. पहिल्या दिवशी परांचीवरून उतरून थेट दुकानात आली आणि म्हणाली, "बाई, तुमचा संडास वापरू द्याल का?" आमची ओळख ही अशी झाली. तेव्हापासून रोज येते, कॉफी पिते, आईच्या शिव्या खाते. चित्र काय आहे ते मात्र सांगत नव्हती. गेल्या आठवड्यात परांची उतरवली, तेव्हा सगळ्या रस्त्याला एकदमच दिसलं.

सांगायला सोपं आहे, ताई. एक निळं दार आहे, छपरापर्यंत उंच. उंबऱ्यावर एक बाई उभी आहे. एक पाय अलीकडे, एक पलीकडे. खांद्यावर शाल, हातात काही नाही. चेहरा अर्धाच दिसतो. दाराच्या एका बाजूला पिवळट उजेड आहे, दुसऱ्या बाजूला पांढरा. घर कुठल्या बाजूला आणि रस्ता कुठल्या, ते काही कळत नाही.

बस. पण या एवढ्यावरून गाव पेटलंय. बाई जातेय की येतेय?

बेकरीवाल्या त्रिनीकाकांचं म्हणणं, जातेय. टाच उचललेली आहे हा त्यांचा पुरावा. हे ते पाव घ्यायला आलेल्या प्रत्येकाला दारात उभं करून दाखवतात. ज्यांच्या घरची माणसं उत्तरेला, सीमेपलीकडे कामाला गेलीत त्या बायका म्हणतात, येतेय. पाद्रीबाबांनी रविवारी प्रवचनात सांगितलं की हा स्वर्गाच्या दारातला आत्मा आहे. बँकेचा रखवालदार म्हणतो, घरकर्जाची जाहिरात असणार, खाली नाव लिहायचं राहून गेलंय. अब्रिलला विचारलं तर ती ब्रश धुता धुता म्हणते, "तुम्हाला काय वाटतं?"  त्रिनीकाकांना याचा फार राग येतो.

आईने त्रिनीकाकांकडून सगळं वर्णन ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "जातेय. बायका दारात उभ्या राहतात त्या जायच्याच असतात." एकदा निकाल दिला की दिलाच. भिंत तिला नुसती निळ्या डागासारखी दिसते, तरी भांडते सगळ्यांशी.

सेन्योर एवारिस्तो, ते शिवणयंत्रं दुरुस्त करायला महिन्यातून एकदा बेराक्रूस बंदरातून येतात ते, त्या दिवशी इथेच होते. ते बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिचं अजून ठरलेलं नाही. तिला वेळ द्यायला हवा." आणि यंत्राला तेल घालायला बसले.

मला आवडलं ते. उगाच लिहिलं. आता पुरे करते, माईंना दुसरी पत्रंही वाचायची असतील.

तुझी,
दुली


सान मार्सियाल,
१८ मे २०१४

प्रिय रेमेताई,

तुला ईस्टरचे मागाहून आशीर्वाद मागते, कारण पत्राला उशीर झाला. फणसाएवढं गळू झालं होतं हाताला, सुईचं निमित्त. आता बरं आहे. आई ठणठणीत.

तू दोन प्रश्न विचारलेस. पहिला, मला स्वतःला त्या भिंतीवर काय दिसतं. दुसरा, हे एवारिस्तो कोण, कारण म्हणे मागच्या दोन-तीन पत्रांत त्यांचं नाव आलंय.

दुसऱ्याचं उत्तर आधी. ते शिवणयंत्रं दुरुस्त करतात. बायको वारलेली आहे. माणूस सभ्य आहे. झालं.

पहिल्याचं उत्तर असं की मला बघायला वेळच होत नाही. चित्र समोर असलं तरी माझं तोंड दिवसभर यंत्राकडे असतं. पण एक गोष्ट घडली ती सांगते.

एल्विराबाई तुला आठवतात? त्यांच्या लग्नात तुझ्या कोपराचा धक्का लागून केक जमिनीवर पडला होता, त्या. त्यांना पुढे एक मुलगी झाली, रोसाउरा. नवरा लवकर गेला, मुलीला एकट्यांनी वाढवलं. रोसाउरा कापडाच्या कारखान्यात लागली होती. काही वर्षांपूर्वी एक दिवस सकाळी कामाला म्हणून निघाली आणि कारखान्यात पोचली नाही. पोलीस झाले, फोटो छापून झाले, खांबाखांबावर लावून झाले. मी हे तुला कधी लिहिलं नाही. तिथे बसून तू काय करणार, असं वाटायचं. प्रार्थना करशील हे सुचलं नाही बघ.

तर चित्र झाल्यापासून एल्विराबाई रोज दुपारी येतात आणि बँकेच्या पायरीवर बसतात. कुणाशी बोलत नाहीत. बघत बसतात आणि उठून जातात. त्यांना काय दिसतं हे विचारायची कुणाला गरज नव्हती.

गेल्या महिन्यात एक दिवस त्रिनीकाका कॉर्दोबाहून आलेल्या पाहुण्यांना नेहमीप्रमाणे शिकवत होते. ही टाच बघा, हे वजन बघा, पुढच्या पायावर आहे, चालायला लागली की नाही ती? जातेय! आवाज तुला माहीतच आहे त्यांचा. एल्विराबाई पायरीवरून उठल्या. रस्ता ओलांडून आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. रागावल्या नव्हत्या. डॉक्टरला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "नक्की जातेय का हो?"

त्रिनीकाकांनी टाचेकडे दाखवणारा हात खाली घेतला. पाहुणे चपलांकडे बघायला लागले. मला यंत्रावरून उठवेना. तेवढ्यात आईने खुर्चीतून हाक मारली.

"एल्विरा, इकडे ये. त्याचं काय ऐकतेस, त्याला पावात मीठ घातलंय की नाही ते आठवत नाही. मला दिसत नाही. तू सांग बरं मला, काय काढलंय तिथे?"

मी स्टूल दिलं. एल्विराबाई आईच्या शेजारी बसल्या आणि सांगायला लागल्या. आधी दार, मग शाल. मग केसांवर आल्या. केस ओले आहेत म्हणाल्या, घाईत विंचरलेत. मी भिंतीकडे बघितलं. केस नुसते काळे आहेत, ताई. त्या सांगत राहिल्या. नाश्ता अर्धवट टाकलाय. बुटाची नाडी जिन्यात बांधलीय. "आणि जाताना म्हणाली, आत्ता येते हं."

येईल, असं आई म्हणाली नाही. मला वाटलं होतं म्हणेल, सगळे तेच म्हणतात त्यांना. तिने विचारलं, "तिला खायला काय आवडायचं?"

एल्विराबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की बस. मग बोलायला लागल्या. केसादिये, भोपळ्याची फुलं भरून भाजलेल्या पोळ्या, पण त्यात कांदा नको. कांदा वेचून ताटाच्या कडेला ठेवायची, लहान असल्यापासून. संध्याकाळपर्यंत बोलत होत्या. मला वाटतं, त्या मुलीबद्दल "काही कळलं का" याखेरीज दुसरा प्रश्न त्यांना इतक्या वर्षांत कुणी विचारलाच नव्हता.

आता त्या रोज आईजवळ बसतात. त्रिनीकाकांनी दुसऱ्या दिवशी गोड पावांची पिशवी आणून दोघींच्या मध्ये ठेवली आणि बेकरीत परत गेले. आणि आई "जातेय" म्हणायची बंद झालीय. कुणी विचारलं तर म्हणते, मला कुठे दिसतंय.

सेन्योर एवारिस्तोंनी तुला नमस्कार सांगितलाय. मी नको म्हणत होते.

तुझी,
दुली


सान मार्सियाल,
२४ ऑगस्ट २०१४

प्रिय रेमेताई,

तुझ्या हातचा पेरूचा मुरांबा मिळाला. बरणी फुटली नाही. आईने विचारलं नाही कुठून आला, पण सगळ्यात जास्त तिनेच खाल्ला.

भिंतीची नवी हकिकत ऐक. नगरपालिकेत एक साहेब आहेत, सगळे त्यांना लिसेन्सियादो म्हणतात. कसली पदवी आहे कुणाला माहीत नाही, पण सुटावर तसं दिसतं. त्यांच्याकडे तक्रार गेली की पर्यटक येतात, फोटो काढतात आणि विचारतात की हे काय आहे, आणि प्रत्येकजण वेगळं सांगतो. साहेबांनी उपाय काढला. बाईच्या डोक्यावर मोठ्या सोनेरी अक्षरांत लिहायचं: "सान मार्सियाल आपलं स्वागत करत आहे." म्हणजे बाई दार उघडून पाहुण्यांचं स्वागत करतेय, विषय संपला. अब्रिल तेव्हा हालापाला होती. तिने फोनवर नाही म्हणून सांगितलं, तर हे म्हणाले, भिंत आमची आहे.

सोमवारी पाटीवाला शिडी घेऊन आला. साहेब आले, वर्तमानपत्राचा फोटोवाला आला. आणि रस्त्यातली सगळी दुकानं रिकामी झाली. सगळ्यात आधी शिडीसमोर जाऊन कोण उभं राहिलं असेल? त्रिनीकाका. त्यांच्या शेजारी उत्तरेवाल्यांच्या बायका, ज्यांच्याशी ते मार्चपासून भांडतायत. साहेब म्हणाले, "काका, तुम्हीच म्हणत होता ना की नीट कळत नाही म्हणून?"

"मला नीट कळतं," त्रिनीकाका म्हणाले. "यांना कळत नाही. पण तुम्ही लिहून टाकलंत तर मी यांना समजावू काय?"

लोक हसले. साहेबांना हसणं आवडलं नाही. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि आपल्या दारात आई दिसली. म्हातारी बाई, फोटोला बरी. तिच्याजवळ येऊन गोड आवाजात म्हणाले, "आजी, तुम्हीच सांगा, सोनेरी अक्षरं छान दिसतील की नाही?" मागून कुणीतरी ओरडलं की तिला दिसत नाही, साहेब. साहेबांनी हात झटकले. "अहो, मग हिचा काय संबंध?"

आईने काठी शोधली आणि उभी राहिली. एल्विराबाई तिला धरायला गेल्या, तर त्यांचा हात तिने बाजूला केला.

"संबंध आहे," ती म्हणाली. "या दारात मी लग्न होऊन आले तेव्हा तुझा बापही जन्मला नव्हता. तू आता असं कर. शिडी घेऊन जा. मी डोळे करून घेते. मला एकदा नीट बघू दे, मग काय लिहायचं ते लिही."

फोटोवाल्याने बरोबर तेव्हाच फोटो काढला. त्याच्यासमोर साहेबांना दुसरं काय बोलता येणार? म्हणाले, ठीक आहे, आजींसाठी थांबू. शिडी गेली.

ताई, मी गेली कित्येक वर्षं विनवण्या करतेय. डॉक्टर झाले, पाद्री झाले, तुझं पत्र वाचून दाखवून झालं. आणि ती तयार झाली ती एका सुटवाल्याच्या नाकावर टिच्चून! पुढच्या महिन्यात एक डोळा, नंतर दुसरा.

हे सगळं मी आनंदाने लिहितेय आणि तरी पेन जड झालंय. एवारिस्तोंबद्दल तू मागच्या पत्रात तिसऱ्यांदा विचारलंस. तर आता सांगते. माई, तुम्हीही वाचा, आता काय लपवायचं.

गेल्या नाताळाआधी एवारिस्तोंनी मला लग्नाचं विचारलं. दुकानातच, यंत्र उघडून बसले असताना, हाताला तेल लागलेलं. मी हसण्यावारी नेलं. या वयात कुठे, म्हटलं, आणि आईचं काय. ते म्हणाले, "मी पुन्हा विचारून त्रास देणार नाही. पण येत राहीन." तसे येत राहिलेत. यंत्रात काही बिघाड नसतो, ताई. ते उघडतात, पुसतात, बंद करतात. आम्ही बोलतो. बंदरात त्यांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावरून समुद्र दिसतो म्हणतात. मी अजून समुद्र बघितलेला नाही.

तू विचारलं होतंस मला भिंतीवर काय दिसतं. वेळ नाही असं मी लिहिलं, ते खरं नाही. मी रोज सकाळी दुकान उघडताना बघते. मला तो पाय दिसतो. पुढचा नव्हे, मागचा. तो उचलला जाईल असं मला अजून एकदाही वाटलेलं नाही.

तू गेलीस तेव्हा देवाकडे गेलीस, तुला कुणी काही म्हणू शकलं नाही. आईसुद्धा. मी गेले तर यंत्रवाल्याकडे जाणार. आईजवळ मीच उरले, हे तुला बोचावं म्हणून लिहीत नाही. तसं आहे म्हणून लिहिते. तिला यातलं काही माहीत नाही. आणि सांगायची माझी हिंमत नाही. मी काय करू, ताई?

उत्तर दे. लांबलचक नको.

दुली


सान मार्सियाल,
१९ ऑक्टोबर २०१४

प्रिय रेमेताई,

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर घोटाळा होईल.

तुझं उत्तर मिळालं. "मला विचारू नकोस, आईला विचार." एवढंच! लांबलचक नको म्हटलं होतं, पण इतकंही आखूड नको होतं. दोन दिवस तुझ्यावर चिडले होते. मग शस्त्रक्रियेची धावपळ सुरू झाली आणि चिडायला वेळ उरला नाही.

दोन्ही डोळे झाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाच्या मानाने उत्तम. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर आम्ही टॅक्सीने घरी आलो. आईच्या डोळ्यांवर सिनेमातल्या नटीसारखा काळा चष्मा होता. सगळा रस्ता वाट बघत होता. त्रिनीकाकांनी बेकरी बंद ठेवली होती. अब्रिल मुद्दाम हालापाहून आली होती आणि नखं खात होती. लिसेन्सियादो आले होते, बिनशिडीचे.

आई एल्विराबाईंचा हात धरून रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मोटारी थांबल्या, एकानेही भोंगा वाजवला नाही. तिने वरपासून खालपर्यंत बघितलं. घाई केली नाही. मग त्रिनीकाकांना राहवेना, त्यांनी आईला विचारलं, "काय चेंचाबाई, जातेय की येतेय?"

आईने मान वळवून आधी त्यांच्याकडे बघितलं, मग बेकरीच्या खिडकीकडे. "त्रिनी, तुझे पाव केवढे लहान झालेत रे. मी एवढी वर्षं हाताला लागतो तो तुकडा समजत होते."

सगळा रस्ता हसायला लागला. त्रिनीकाकाही. मग तिने साहेबांना बोलावलं आणि म्हणाली, चित्र चांगलं आहे, पण अक्षरांना जागा नाही. स्वागत लिहायचं तर बस स्टँडवर लिही, तिथे माणसं खरोखर बाहेरगावाहून येतात. साहेबांनी खूप विचार केल्यासारखं केलं आणि कल्पना चांगली आहे म्हणाले. आता बस स्टँडवर सोनेरी अक्षरं आहेत. स्वतःला सुचलं असं ते सांगतात, सांगू देत. अब्रिलने आईचा मुका घेतला आणि तिच्या पांढऱ्या शालीला निळा रंग लावून ठेवला.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं.

दुपारी गर्दी पांगली. एल्विराबाई घरी गेल्या. मी एका गणवेशाची पट्टी उसवत होते. आई आत आली, यंत्रासमोरच्या खुर्चीत बसली आणि काळा चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका म्हणून सांगितलंय, मी ओरडले. ती म्हणाली, "जवळ ये. अजून जवळ."

मी तिच्यासमोर खाली बसले. तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे केला. खूप वेळ बघत राहिली. मग माझ्या कानापाशी बोट फिरवलं.

"दुली, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"बरीच वर्षं झाली, आई."

"मला कुणी सांगितलं नाही."

मी म्हटलं, त्यात सांगण्यासारखं काय आहे. तिचं तोंड थरथरायला लागलं. बाबांच्या दफनाच्या वेळीसुद्धा मी तिला अशी पाहिली नव्हती. म्हणाली, "मला तू अजून तिशीचीच वाटत होतीस. आवाज तसाच आहे तुझा. मी मनात म्हणायचे, हिला काय, हिला अजून वेळ आहे."

ताई, मी तिच्या मांडीत डोकं ठेवलं आणि लहान असताना रडायचे तशी रडले. गणवेशाला टाचण्या लावलेल्या होत्या, त्या दोघींना टोचत होत्या. तिने डोक्यावर हात ठेवला आणि थोड्या वेळाने तिच्या नेहमीच्या आवाजात विचारलं, "त्या यंत्रवाल्याला आणखी किती थांबवणार आहेस?"

मी डोकं वर केलं. तर म्हणाली, "डोळे गेले होते, कान नव्हते गेले. यंत्राला महिन्यातून एकदा नेमानं बिघडायची सवय लागलीय, आणि दुरुस्तीवाला आला की तू गाणं गुणगुणतेस. मी वाट बघत होते तू कधी सांगतेस."

"आणि तुझं काय?"

"माझं मी एल्विराशी बोलले आहे. ती मागच्या खोलीत येऊन राहतेय. तिच्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज नाही आणि मला भांडायला कुणीतरी हवं. दुकान ती बघेल, तिला बटणांतलं तुझ्याइतकंच कळतं. रोसाउराचा फोटो काउंटरवर ठेवू, म्हणजे येणारं-जाणारं बघेल." मग म्हणाली, "तू जा. मी तुला ढकलून देत नाहीये. पण आता दिसतंय मला, तर न बघितल्यासारखं कसं करू?"

पुढच्या फेरीला एवारिस्तो आले. मी त्यांना यंत्र उघडूच दिलं नाही. म्हटलं, ते चांगलं चालतंय, तुम्ही बसा. ते बसले. बराच वेळ त्यांना काही समजेना, आणि समजल्यावर त्यांनी आपली हत्यारांची पेटी तीनदा उघडली आणि बंद केली. एल्विराबाईंनी त्या संध्याकाळी भोपळ्याच्या फुलांचे केसादिये केले. कांदा न घालता. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

लग्न डिसेंबरात, इथल्याच देवळात. पाद्रीबाबा प्रवचनात भिंतीचं काही बोलणार नाहीत असं त्यांनी कबूल केलंय, बघू.

आता शेवटचं. तू मठात गेलीस त्या वर्षी आई एकदा माझ्याबरोबर तुला भेटायला पुएब्लाला आली होती आणि भेटीच्या खोलीत तू जाळीपलीकडे उभी होतीस, ते तुला आठवत असणारच. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली होती, "पोटच्या मुलीला जाळीतून बघायचं? ती काय बाजारातली कोंबडी आहे?" त्यानंतर ती आली नाही. मी तुला लिहीत राहिले की पाठ दुखते, बस लागते, दुकान आहे. तुला काय ते कळत असणार, तू कधी उलट विचारलं नाहीस. घरात ती तुला "पुएब्लाची" म्हणते. तुझं नाव मी तेव्हापासून तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

परवा जेवताना एकदम म्हणाली, "मठात भेटायला कुठल्या दिवशी सोडतात?"

नोव्हेंबरातल्या तिसऱ्या रविवारी आम्ही येतोय. एवारिस्तो गाडी आणणार आहेत, एल्विराबाईही येतील. माई, ही ओळ तुमच्यासाठी: भेटीच्या खोलीत दिवा जरा मोठा लावता आला तर बघा.

खालचं अक्षर माझं नाही. मी पेन दिलं नव्हतं, तिनेच माझ्या हातातून घेतलं.

तुझी,
दुली

रेमेदिओस, जाळीच्या अगदी जवळ उभी राहा. मला आता दिसतं.
आई